नाव शहराचे, दाम कोणाचे?

बास्केटबॉल हा उंच माणसांचा खेळ, असे आपण धरून चालतो. फिलिपाइन्समधील माणसे सरासरीने आपल्यापेक्षा उंच नाहीत, तरी तेथे या खेळाइतके वेड दुसऱ्या कोणत्याही खेळाचे नाही. चर्चच्या अंगणात, भाताच्या खळ्यावर, गल्लीच्या तोंडाशी नारळाच्या झाडाला ठोकलेले लोखंडी कडे दिसतेच. अमेरिकन राजवटीत शाळा आणि वाय. एम. सी. ए. यांच्यामार्फत हा खेळ तेथे रुजला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये फिलिपाइन्सचा संघ पाचवा आला आणि १९५४ च्या जागतिक स्पर्धेत तर तिसरा. आशियातील कोणत्याही देशाला त्या स्पर्धेत याहून वरचे स्थान मिळालेले नाही.

इतके वेड असलेल्या देशात प्रत्येक मोठ्या शहराचा स्वतःचा व्यावसायिक संघ असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तेथील सर्वांत जुन्या आणि श्रीमंत व्यावसायिक लीगमध्ये एकही संघ शहराचा नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला या प्रकरणात रस वाटावा तो येथेच. संघांची नावे वाचू लागलो की वाण्याच्या दुकानातील फळ्या डोळ्यांपुढे येतात: बिअर, जिन, बनियन, मोटार, विजेची कंपनी, टेलिफोन.

याचे मूळ १९३८ साली स्थापन झालेल्या मनिला औद्योगिक व व्यापारी क्रीडा संघटनेत आहे. कारखाने आणि पेढ्या आपापले संघ उतरवीत. खेळाडू कागदोपत्री हौशी असत, म्हणजे त्यांचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर असे आणि पगार खेळण्याबद्दल मिळे. मुंबईच्या टाइम्स शील्डमध्ये टाटा, मफतलाल, निर्लॉन यांचे क्रिकेट संघ उतरत, त्यातलाच हा प्रकार. पुढे राष्ट्रीय संघटनेशी खटके उडू लागले, तेव्हा नऊ कंपन्या बाहेर पडल्या आणि त्यांनी फिलिपाइन बास्केटबॉल असोसिएशन काढली. ९ एप्रिल १९७५ रोजी केसॉन सिटीच्या अरानेटा कोलिसियममध्ये तिचा पहिला सामना झाला. आशियातील ही पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग होय.

तिची रचना नीट समजून घेतली पाहिजे. अमेरिकेत संघ शहराचा असतो, स्वतःच्या क्रीडागृहात खेळतो आणि तिकिटांच्या उत्पन्नावर त्याचा हिशेब बराच अवलंबून असतो. मनिलाच्या लीगमध्ये ‘आपले मैदान’ ही कल्पनाच नाही. सगळे संघ राजधानीतील त्याच दोन-चार क्रीडागृहांत आळीपाळीने खेळतात. संघाचा खर्च कंपनी जाहिरातीच्या खात्यावर टाकते. वर्षभर दूरचित्रवाणीवर आपल्या मालाचे नाव घुमते आहे ना, मग संघ तोट्यात असला तरी चालतो. माल बदलला की संघाचेही नाव बदलते. १९७९ मध्ये सेंट जॉर्ज व्हिस्की या नावाने आलेला संघ पुढे गिल्बीज जिन झाला, मग हिनेब्रा झाला, मधल्या काळात रमचे नाव लावून आला, पुन्हा जिनकडे वळला. खेळाडू तेच, प्रेक्षक तेच, बाटलीवरचे लेबल तेवढे वेगळे!

या व्यवस्थेने देशाला फार मोठे खेळाडू दिले, हे मान्य केले पाहिजे. क्रिस्पा (हे बनियनांचे नाव) आणि टोयोटा यांच्यातील वैर इतके कडवे होते की घराघरांत दोन तट पडत. परंतु कंपनीचा संघ हा शेवटी कंपनीच्या जमाखर्चाला बांधलेला. १९८३ नंतर देश आर्थिक संकटात सापडला. टोयोटाच्या मोटारी बनविणारी डेल्टा मोटर कंपनी डबघाईला आली आणि १९८४ चा हंगाम सुरू होण्यापूर्वी तिने संघ विकून टाकला. बहुतेक खेळाडू नव्या मालकाकडे गेले. रॉबर्ट जावोर्स्की आणि फ्रान्सिस आर्नाइझ या दोघांनी मात्र नकार दिला व ते जिनच्या संघात गेले. त्याच वर्षाअखेर क्रिस्पानेही गाशा गुंडाळला. दोन वर्षांच्या आत देशातील सर्वांत लाडके दोन्ही संघ नाहीसे झाले. ज्यांनी दहा वर्षे घसा फोडून आरोळ्या दिल्या त्यांना विचारणारे कोणी नव्हते. विचारायचे कशाला? भागधारक ते नव्हतेच. जावोर्स्कीमागे मात्र हजारो माणसे जिनच्या संघाकडे वळली. म्हणजे लोकांची निष्ठा मालावर नसून माणसावर होती, हे मालाच्या कंपन्यांनाही कळून चुकले असावे. हाच जावोर्स्की १९९८ मध्ये सिनेटवर निवडून आला.

त्याच १९९८ मध्ये उलटा प्रयोग सुरू झाला. ए. बी. एस.-सी. बी. एन. या दूरचित्रवाणी कंपनीच्या पुढाकाराने मेट्रोपोलिटन बास्केटबॉल असोसिएशन निघाली. तिच्यात संघांना शहरांची आणि प्रांतांची नावे होती: मनिला, सेबू, दावाओ, पांपांगा, नेग्रोस, बातांगास इत्यादी. प्रत्येकाने अर्धे सामने आपल्या गावी खेळायचे आणि अर्धे दुसऱ्याच्या गावी जाऊन. ज्यांनी बडे खेळाडू केवळ पडद्यावर पाहिले होते त्यांच्या गावात आता खुद्द सामना येऊ लागला.

या शहरांपैकी सान हुआनचा संघ, म्हणजे ‘नाइट्स’, मला सर्वांत जास्त विचारात पाडतो. सान हुआन हे राजधानीच्या पोटात वसलेले, जेमतेम सहा चौरस किलोमीटरचे गाव. २००७ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळाने देशातील सर्वांत लहान शहर ते हेच. इतिहासात त्याचे नाव मोठे आहे. ३० ऑगस्ट १८९६ रोजी स्पेनविरुद्धच्या क्रांतीतील पहिली मोठी लढाई येथेच झाली. सिनेनट जोसेफ एस्ट्राडा येथूनच राजकारणात आले, या गावाचे महापौर झाले आणि १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष. क्रिस्पाचा गाजलेला खेळाडू फिलिप सेझर हा तर येथे उपमहापौर होता. राजकारण आणि बास्केटबॉल यांना वेगळे काढू म्हटले तर या गावाचे काही शिल्लक राहणार नाही.

या चिमुकल्या गावाच्या संघाने २००० मध्ये नेग्रोसला हरवून शहरांच्या लीगचे विजेतेपद मिळविले. पण लीगचेच पाय डळमळू लागले होते. सात हजार बेटांच्या देशात ‘दुसऱ्याच्या गावी जाऊन खेळणे’ म्हणजे आपल्यासारखे रात्रीच्या एस. टी. त बसून जाणे नव्हे. विमान किंवा बोट हवी आणि खेळाडूंसह सगळ्या लवाजम्याचा मुक्काम हवा. लीग निघाली तीही १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटाच्या लगेच मागून. लहान गावातील क्रीडागृह पूर्ण भरले तरी तेथील लोकांना परवडणाऱ्या तिकिटात हा खर्च निघणे कठीण. मग हळूहळू शहराच्या नावाआधी पेढीचे नाव येऊ लागले. कोठे कुरिअर कंपनी, कोठे तार-संदेशाची कंपनी. ज्या रोगावर औषध म्हणून लीग काढली तोच रोग तिला जडला, असे म्हटले तर वावगे ठरू नये. २००२ मध्ये ती बंद पडली.

सान हुआनमध्ये २००६ साली नवे क्रीडागृह झाले. आरंभी त्याला गावाचे नाव होते. पुढे त्यातही पेट्रोल विकणाऱ्या कंपनीचे नाव आले. मधल्या काळात शहरांच्या छोट्या लीग निघाल्या आणि विरून गेल्या. नंतर मुष्टियोद्धा मॅनी पॅकियाओ याने महार्लिका पिलिपिनास बास्केटबॉल लीग स्थापन केली आणि जानेवारी २०१८ मध्ये तिचे सामने सुरू झाले. सान हुआनचे नाइट्स तिच्या दुसऱ्या स्पर्धेत उतरले आणि एप्रिल २०१९ मध्ये दावाओ ऑक्सिडेंटलला पाच सामन्यांच्या मालिकेत ३–२ असे हरवून विजेते झाले. पुढच्याच महिन्यात निवडणुका होत्या. एस्ट्राडा कुटुंबाचा गावावरील अनेक वर्षांचा वरचष्मा संपला आणि फ्रान्सिस झमोरा महापौर झाले. या लीगचे बहुतेक संघ स्थानिक पुढाऱ्यांच्या आधाराने चालतात. त्यामुळे मालक कंपनी असो वा महापौर, सत्ता पालटली की संघाचे काय होणार ही धास्ती सारखीच. सान हुआनचा संघ मात्र सत्तांतरानंतरही टिकला. माझ्या मते विजेतेपदापेक्षा ही गोष्ट मोठी.

पुढल्या स्पर्धेची अंतिम फेरी महामारीमुळे वर्षभर रखडली. मार्च २०२१ मध्ये ती सुबिक येथे प्रेक्षकांविना झाली, आणि तेथे दावाओ ऑक्सिडेंटलने सान हुआनवर मात करून परतफेड केली. दोन शहरे आपापल्या घरी पडद्यासमोर बसून राहिली. २०२१ मध्येच ही लीग रीतसर व्यावसायिक ठरली.

पैशाचा प्रश्न सुटला आहे, असे नाही. आजही शहराच्या नावाला प्रायोजकाचे शेपूट असतेच. पण काही नावांत गावाचा धंदाच उतरला आहे, आणि त्यांची मला गंमत वाटते. मारिकिना हे चपला-बुटांचे गाव, म्हणून त्याचा संघ ‘शूमास्टर्स’. पांपांगात नाताळात प्रचंड आकाशकंदील करतात, म्हणून तो ‘जायंट लँटर्न्स’. नुएवा एसिहा हा भाताचा प्रांत, त्याच्या संघाच्या नावात तांदूळ. झांबोआंगा येथे मासळी डबाबंद करण्याचे कारखाने आहेत. तेथील संघाने तर तारली माशांच्या डब्याचेच नाव घेतले. हे कंपनीचे नाव समजावे की गावाचे, ते ज्याचे त्याने ठरवावे. २०२२ च्या अंतिम फेरीत हेच दोन संघ समोरासमोर आले, एकीकडे भात आणि दुसरीकडे मासळी. भाताने बाजी मारली.