भयकथांचे जुने अंक आणि भयपटांची पोस्टर्स : संग्रह टिकतो कसा?

या टिपणाचा विषय छंदाचा आहे, पण बारावीपर्यंत रसायनशास्त्र शिकलेल्यांना तो अधिक जवळचा वाटेल. भयकथा-अद्भुतकथांची जुनी पुस्तके, मासिके किंवा भयपटांची पोस्टर्स जमवणारे तुमच्यातही कुणी असतील. अशा वस्तू कुठे मिळतात हे त्यांना सांगावे लागत नाही. पण मिळालेली वस्तू आपल्या कपाटात येऊन पडल्यावरही आतून झिजत असते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

या मासिकांना इंग्रजीत ‘पल्प’ म्हणतात आणि हिंदीत अशा वाङ्मयाला ‘लुगदी साहित्य’. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, लगदा. म्हणजे साहित्याला नाव मिळाले ते त्याच्या हलक्या कागदावरून! शिकागोत मार्च १९२३ मध्ये सुरू झालेले ‘वीअर्ड टेल्स’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. एच. पी. लव्हक्राफ्टच्या अनेक गाजलेल्या कथा त्यातच आल्या. १९३७ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या कथांचा एकही मोठा संग्रह निघालेला नव्हता. १९३९ मध्ये ऑगस्ट डर्लेथ आणि डोनल्ड वाँड्री यांनी ‘आर्कम हाउस’ ही प्रकाशनसंस्था काढून तो छापला; प्रती अवघ्या १,२६८. तोवर त्या कथा होत्या त्या मासिकांच्या पानांत आणि स्नेह्यांनी जपलेल्या कागदांत.

आता कागदाकडे वळू. कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या एककांची लांबलचक साखळी असलेले बहुवारिक. साखळी लांब असते तोवर कागद घडी सोसतो. स्वस्त कागदासाठी लाकूड यंत्राने घासून लगदा करतात, त्यामुळे लाकडातले लिग्निन त्यात तसेच राहते. प्रकाश आणि हवा लागली की त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि पान पिवळे पडते. पिवळेपणा डोळ्यांना दिसतो म्हणून आपण त्यालाच घाबरतो. खरा घात दुसरीकडे चाललेला असतो. शाई फुटू नये म्हणून अशा कागदात राळ आणि अ‍ॅल्युमिनियम सल्फेट घालत. दमट हवेत त्यातून आम्ल तयार होते आणि ते सेल्युलोजच्या साखळीतले दुवे पाण्याच्या मदतीने तोडते. यालाच जलीय अपघटन म्हणतात. आम्ल इथे उत्प्रेरक असल्यामुळे ते खर्ची पडत नाही, उलट कागद झिजताना नवी आम्ले तयार होतात. म्हणून अंक बरीच वर्षे ठीक दिसतो आणि मग एकदम कोपरे तुटू लागतात. मोठी ग्रंथालये कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची अल्कधर्मी संयुगे वापरून हे आम्ल उदासीन करतात. त्याने पुढची झीज मंदावते, झालेली भरून येत नाही.

चित्रपटांची गोष्ट आणखी बिकट. १९५० च्या सुमारापर्यंत बहुतेक चित्रपट सेल्युलोज नायट्रेटच्या फिल्मवर निघत. ही फिल्म पेटली की तिला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो, त्यामुळे ती पाण्याखालीही जळत राहते. लॉन चॅनीच्या ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ (१९२७) या भयपटाची शेवटची ज्ञात प्रत १९६५ मध्ये एमजीएमच्या गोदामाला लागलेल्या आगीत गेली. आपल्याकडेही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट साठा असाच जळाला. चॅनीचा चित्रपट आज कुणालाच पाहता येत नाही. पण त्याची स्थिरचित्रे उरली होती, आणि ती पटकथेनुसार जुळवून २००२ मध्ये त्याची एक आवृत्ती उभी केली गेली. त्याचे एक पोस्टर २०१४ मध्ये ४,७८,००० डॉलरला विकले गेले. किमतीचे सोडा, फिल्म गेली आणि जाहिरातीचा कागद उरला, हे लक्षात घ्या.

मराठीत नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या जुन्या आवृत्त्या, अनंत अंतरकरांनी सुरू केलेल्या ‘नवल’चे अंक, किंवा रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’सारख्या (१९८४) चित्रपटांची पोस्टर्स यांची जातकुळी हीच. पुस्तके वाचनालयांतून हातोहात फिरली. पोस्टर्स तर भिंतीवर खळीने चिकटवण्यासाठीच छापलेली! म्हणून चांगल्या प्रती कमी.

तुमच्या हाताशी एखादी आली तर आधी काय करू नये ते पाहा. लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेने चिकटलेला थर पुढे निघत नाही. फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद कागदात मुरून तपकिरी डाग पडतो. वह्यांना घालतो ते खाकी कव्हर बहुधा स्वतःच आम्लधर्मी असते, आणि वास येणाऱ्या पीव्हीसी पिशव्यांतून आम्लधर्मी वायू सुटू शकतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पिशवी आणि पाठीला आम्लमुक्त पुठ्ठा पुरेसा आहे. गंजलेल्या पिना हळूच काढा. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. ६५ च्या वर गेली की बुरशीला आमंत्रण. कोकणातल्या पावसाळ्यात हे अवघडच, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवा आणि डबा बाहेरच्या ओलसर भिंतीपासून दूर ठेवा. तापमान १० अंशांनी उतरले की झिजण्याचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो, त्यामुळे माळ्यावरची पत्र्याखालची जागा सर्वांत वाईट.

वाचनालयाचा शिक्का, जुनी किंमत, कुणाची सही हे खोडू नका. अंक कुठून कुठे फिरला याचा तोच पुरावा असतो. स्वतःच्या नोंदी वेगळ्या वहीत करा. अंकावर लिहायचेच तर मऊ शिसपेन्सिलीने.

ठिसूळ झालेल्या अंकाचे फोटो वेळीच काढून ठेवा, मात्र ते सर्वांसाठी खुले करण्याआधी कायदा पाहा. भारतात लेखकाच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. धारप २००८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावर हा हक्क २०६८ अखेरपर्यंत आहे.