फोटो उलटा करा!

मिशाळ आजोबा, डोक्याला रुमाल बांधलेली आजी, मागे रंगवलेला पडदा. लिथुआनियातल्या कुठल्याशा घरातला हा जुना फोटो. कोणाचा? कधीचा? चेहऱ्यांवरून ढिम्म कळत नाही. मग तो उलटा करा!

पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव छापलंय, रशियन लिपीत. 'फोटोग्राफर' या अर्थाच्या शब्दाला शेवटी एक मुकं अक्षर आहे. त्याला ना उच्चार, ना काम! १९१८च्या सुमारास रशियनांनी शब्दांच्या शेवटचं हे अक्षर काढूनच टाकलं. म्हणजे फोटो बहुधा झारच्या अमदानीतला. एका मुक्या अक्षराने काळ सांगितला की!

पण माणसं लिथुआनियन, मग छपाई रशियन कशी? देश झारच्या ताब्यात होता. १८६४ ते १९०४ रोमन लिपीत लिथुआनियन छापायलाच बंदी होती. पेन्सिलीला मात्र कोण अडवणार? खाली कोणीतरी बारीक अक्षरात लिहिलंय: काझलाउस्काइते. म्हणजे लिहिणारी काझलाउस्कास घराण्यातली लेक, तेव्हा बिनलग्नाची. सून असती तर काझलाउस्किएने लिहिलं असतं. आडनावाच्या शेपटातच लग्नाची नोंद! मात्र जपून: चर्चच्या जुन्या दप्तरात हेच घराणं 'कोझलोव्स्की' होऊन बसलेलं असू शकतं.

आणि असे फोटो वाचले कसे? लिथुआनियातलंच एइशिश्केस हे गाव बघा. सप्टेंबर १९४१मध्ये तिथल्या आणि आसपासच्या जवळपास साडेतीन हजार ज्यूंना दोन दिवसांत गोळ्या घातल्या. घरं लुटली गेली, मग अल्बम कुठले उरणार? तरी त्याच गावात बालपण गेलेल्या इतिहासकार याफा एलियाख यांनी पुढे देशोदेशी हिंडून तिथले सुमारे सहा हजार फोटो गोळा केले. त्यांतले बरेचसे त्यांच्या आजी-आजोबांच्याच स्टुडिओतले! लग्नं, सहली, शाळेचे वर्ग. आज वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात त्यांतल्या शेकडो फोटोंचा उंच मनोरा उभा आहे. मजल्यामागून मजले नुसते चेहरे.

यांतले कितीतरी फोटो वाचले, कारण ते गावात नव्हतेच. 'आम्ही बरे आहोत' असं कळवायला कधीचेच टपालाने परदेशी नातलगांकडे गेले होते. तेव्हा लिथुआनियन पूर्वज शोधायचे तर विल्नियसचं तिकीट नंतर काढा. आधी शिकागोतल्या मावशीला कपाट उघडायला सांगा.