झाड छाटा, पण तोडू नका



आपल्या कोपरगाव भागात घरोघरी लिंब, बाभूळ, पेरू अशी झाडे आहेत. मे महिन्यात वळवाचा पाऊस वादळ घेऊन येतो. तेव्हा वाळलेली फांदी मोडून पत्र्यावर पडते, नाहीतर तारेवर पडून लाईट जाते. म्हणून अशा फांद्या आधीच काढाव्यात.

जड फांदी वरून एकदम कापली तर तिच्या वजनाने खोडाची साल सोलून निघते. म्हणून आधी करवतीने खालून थोडा काप द्यायचा, मग जरा पुढे सरकून वरून कापायचे. उरलेला खुंट शेवटी काढायचा, पण खोडाजवळचा फुगीर भाग ठेवायचा. तिथूनच जखम भरते.

पेरूला फळ नव्या फुटव्यावर येते, म्हणून त्याला छाटणी लागतेच. पाला शेळ्यांना होतो, काटक्या चुलीला.

तारेजवळची फांदी आपण कापू नये, वायरमनला सांगावे. घरटे असेल तर पिल्ले उडेपर्यंत थांबावे. आमचे आजोबा म्हणतात, छाटणी म्हणजे झाडाची हजामत, गळा कापणे नव्हे. आंबा, चिंच तोडायला तर १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते.

पालकांनो, आमच्या वर्गाच्या पत्र्यावर लिंबाची एक वाळकी फांदी आली आहे. पावसाच्या आधी एक रविवार द्याल का?