मीठ धरावं कधी, पाणी सोडावं कधी
(लेखमाला : मिश्रणाकडून शुद्धतेकडे – भाग ४)

मागच्या आठवड्यात आपण निवळणं आणि गाळणं या दोन रीती पाहिल्या. समुद्राच्या पाण्यापाशी त्या दोन्ही थकतात. गाळणकागदावर वाळू राहील, माती राहील, शेवाळ राहील; मीठ मात्र पाण्याबरोबर खाली उतरेल. विरघळलेल्या मिठाचे आयन इतके लहान असतात की कागदाची छिद्रं त्यांना अडवू शकत नाहीत. मग पाणी आटवावं, हे उत्तर कुणालाही सुचेल. ते बरोबर आहे, पण अर्धंच.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी साधारण २७ ग्रॅम सोडियम क्लोराइड, म्हणजे आपण खातो ते मीठ. उरलेल्यात मॅग्नेशियम क्लोराइड तीनेक ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट दोनेक ग्रॅम, कॅल्शियम सल्फेट सव्वा ग्रॅमच्या आसपास आणि थोडे पोटॅशियमचे क्षार. हे पाणी पातेल्यात पार कोरडं होईपर्यंत आटवलं, तर तळाशी हे सगळे क्षार एकत्रच बसतात. चव खारट लागते, पण मागून कडवटपणा येतो, तो मॅग्नेशियमचा. पाणी गेलं, मिश्रण तसंच राहिलं.

मिठागरात हे टाळतात. पेण-उरणकडे पाहा किंवा गोव्यात आगरवाड्याला जा, भरतीचं पाणी एकाच वाफ्यात आटवून मीठ काढलेलं दिसणार नाही. आधी साठवणीचे मोठे वाफे, मग पाणी तापवण्याचे, आणि शेवटी जिथे मीठ पिकतं ते लहान वाफे, अशी पाण्याची वाट ठरलेली असते. या वाटेत रसायनशास्त्र दडलं आहे. प्रत्येक क्षार पाण्यात किती विरघळतो त्याची मर्यादा वेगळी. पाणी कमी होत गेलं की ज्याची मर्यादा आधी गाठली जाते, तो आधी बाहेर पडतो. सुरुवातीला किंचित कॅल्शियम कार्बोनेट. पाणी मूळच्या साधारण पाव भागावर आलं की कॅल्शियम सल्फेट जिप्समच्या रूपात बसू लागतं. दहाव्या भागाच्या आसपास येतं तेव्हा कुठे मिठाचे स्फटिक धरतात. मॅग्नेशियमचे क्षार मात्र फार विरघळणारे. ते शेवटपर्यंत पाण्यातच राहतात.

म्हणून जिप्सम आधीच्या वाफ्यांत सोडून द्यायचं, पुढच्या वाफ्यात मीठ धरायचं आणि मॅग्नेशियमची पाळी येण्याआधी उरलेलं कडू पाणी काढून टाकायचं. पाण्याची घनता मोजायला बोमे मापक वापरतात. समुद्राचं पाणी त्यावर तीन-साडेतीन अंश दाखवतं, मीठ २५ च्या सुमारास पडू लागतं आणि २९-३० पर्यंत पाणी सोडून देतात. त्या पाण्याबरोबर थोडं चांगलं मीठही जातं. ते जाऊ द्यावंच लागतं. शेवटच्या कणाचा लोभ धरला तर सगळं मीठ कडवट होतं. शुद्धतेची किंमत उताऱ्यात मोजावी लागते, आणि हे शुद्धीकरणाच्या बहुतेक रीतींना लागू आहे.

प्रयोगशाळेत तुरटी शुद्ध करताना आपण गरम पाण्यात दाट द्रावण करतो, गाळतो आणि थंड होऊ देतो. मिठाला ही युक्ती चालत नाही. १०० ग्रॅम पाण्यात २० अंश सेल्सिअसला ३६ ग्रॅम मीठ विरघळतं आणि १०० अंशांना जेमतेम ३९. थंड करून हाती येणार किती? सोऱ्याचं तसं नाही. तो २० अंशांना ३२ ग्रॅमच्या आसपास विरघळतो, तर ६० अंशांना शंभराहून अधिक. म्हणून सोरा थंड करून मिळवायचा आणि मीठ उन्हावर. रीत पदार्थाच्या गुणधर्मावरून ठरते.

आता एक खडा हातात घेऊन पाहा. शांत पाण्यावर धरलेल्या स्फटिकाला चौकोनी पायऱ्या असतात आणि मध्ये खळगा. सोडियम आणि क्लोरिनच्या आयनांच्या रचनेत मॅग्नेशियमला सहसा जागा मिळत नाही. स्फटिक वाढताना परक्याला बाहेर ठेवतो. पण वाढ घाईत झाली तर खळग्यांत कडू पाण्याचे थेंब कोंडले जातात आणि वर त्याची ओलही राहते. मॅग्नेशियम क्लोराइड हवेत ३३ टक्के आर्द्रता असली तरी ओलावा ओढतं, तर शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्क्यांपर्यंत कोरडं राहतं. खड्यांच्या मिठाला लवकर पाणी सुटतं, त्यामागे हे मोठं कारण आहे.

वरची ओल धुता येते, तीही मीठ न गमावता. पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घाला, ते पाणी गाळून घ्या आणि त्यात खडेमीठ खळबळून लगेच निथळा. या पाण्यात आणखी मीठ मावत नाही, त्यामुळे खडे झिजत नाहीत. मॅग्नेशियमचे क्षार मात्र त्यात सहज मिसळून निघून जातात, मातीही सुटते. घरी करून पाहा, आणि धुतलेलं व न धुतलेलं मीठ दोन वाट्यांत उघडं ठेवून कुठल्याला आधी पाणी सुटतं ते नोंदवा.

या सगळ्यात आपण मीठ ठेवलं आणि पाणी हवेत जाऊ दिलं. पाणीच हवं असेल तर वाफ अडवून थंड करावी लागेल. पुढच्या आठवड्यात ऊर्ध्वपातन.