कॉलेजची फी अन् इन्कम टॅक्स : आधी हिशोब, मग सही



मावल्याच्या तळ्यावर जाळं टाकून लेकरांना कॉलेजात धाडणारी घरं आता आपल्यात बरीच आहेत. फीची पावती हातात आली की एकच विचारणा होते : "हे पैसे टॅक्समधून परत मिळतात म्हणे?" आपल्या एका सभासदाला तर "दोन हजार द्या, पूर्ण फी परत आणतो" असं सांगून कोऱ्या कागदावर सही मागितली होती. वेळेत आम्हाला विचारलं, म्हणून वाचले. बाकीच्यांसाठी हे लिहितो आहोत.

पहिली गोष्ट, फी परत मिळत नाही. ती फक्त उत्पन्नातून वजा होते. टॅक्स बसतच नसेल, तर वजावटीने हातात काही येत नाही. कोणी आपला टीडीएस कापला असेल, तर तेवढाच परत मिळू शकतो.

मासेमारीची कमाई शेतीच्या कमाईत धरत नाहीत, हे लक्षात ठेवा. पण टॅक्स विक्रीवर नसतो. जाळं, होडी, बर्फ, मजुरी हा खर्च जाऊन जे उरतं त्यावर असतो. 2025-26 साठी नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या साध्या कमाईवर टॅक्स नाही. आपल्यातली बहुतेक घरं यातच बसतात. त्यांना फीची वजावट लागतच नाही.

ही वजावट फक्त जुन्या पद्धतीत आहे. कलम 80सी खाली दोन लेकरांची, भारतातल्या पूर्णवेळ शिक्षणाची ट्यूशन फी चालते. विमा, पीपीएफ धरून सगळं मिळून मर्यादा दीड लाख. डोनेशन, हॉस्टेल, बसभाडं चालत नाही. भावाची किंवा नातवाची फीही नाही. बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर कलम 80ई खाली फक्त व्याज वजा होतं, जास्तीत जास्त आठ वर्षं. सावकाराचं व्याज त्यात धरत नाहीत.

धंदा करणाऱ्याला जुनी पद्धत घ्यायची तर मुदतीच्या आत फॉर्म 10-आयईए भरावा लागतो. एकदा त्यातून नव्या पद्धतीत परत आलं, की धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनी घेता येत नाही. म्हणून आधी दोन्ही हिशोब कागदावर मांडा.

आता खरं जपायचं ते. आपल्या बऱ्याच लेकरांची फी ई-पासच्या सरकारी योजनेतून येते. बीसीसाठी उत्पन्नाची मर्यादा गावात दीड लाख, शहरात दोन लाख आहे. सरकारने भरलेली फी आपण भरली म्हणून दाखवू नका. मीसेवाच्या दाखल्यात एक उत्पन्न अन् रिटर्नमध्ये दुसरं, असंही करू नका. लेकराची फी अडकेल. खोट्या वजावटीला तर बुडवलेल्या टॅक्सच्या दुप्पट दंड लागू शकतो, आणि तो एजंटला नाही, सही करणाऱ्याला.

पावत्या, बँकेचं व्याजाचं पत्र, दाखला एका पिशवीत ठेवा. सही करायच्या आधी ती पिशवी घेऊन सोसायटीत या. सोबत बसून बघू.

— आपली सोसायटी, मावला