कोळंबीचे आडनाव

कोळिणीच्या पाटीतला जवळा म्हणजे कोळंबीची पिल्ले, असा समज पुष्कळ सुशिक्षित घरांतही आढळतो. वस्तुतः जवळा हा पूर्ण वाढलेला, स्वतंत्र कुळातला जीव असून, ‘ॲसेटिस इंडिकस’ या नावाने मिल्न एडवर्ड्स या फ्रेंच पंडिताने त्याची नोंद शास्त्राच्या दप्तरी १८३० सालीच करून ठेवली आहे. शेजारचा अंबाड तर नात्याने त्याहूनही दूरचा, कारण कोळंबी आणि जवळा आपली अंडी थेट पाण्यात सोडून देतात, अंबाडाची मादी मात्र ती पोटाखालच्या पायांना चिकटवून पिल्ले निघेपर्यंत वागवते; आणि हा भेद, कल्ल्यांच्या घडणीतील भेदासह, इतका मूलगामी ठरला की त्यावरून दशपाद गणाचे दोन उपगण पाडले गेले. कोळी समाजाने या तिघांना तीन नावे दिली ती सूक्ष्मदर्शकावाचून, हे मला फार मोलाचे वाटते.

परंतु खरा वाद माजला तो मोठ्या कोळंबीच्या घरात. शास्त्रीय नावात आडनाव आधी येते. ते प्रजातीचे, आणि मागून येणारे नाव जातीचे. ‘पीनियस’ हे आडनाव फॅब्रिशियसने १७९८ साली दिले. डोक्यावरून पुढे आलेल्या काटेरी सोंडेच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही कडांना दात, ही या घराण्याची खूण बाजारात उभ्याउभ्याही तपासता येते; खालची कड गुळगुळीत असली, तर ती कोळंबी मेटापीनियससारख्या भावकीतली समजावी.

क्यूबात जन्मलेल्या इसाबेल पेरेझ फार्फांते यांनी ब्रायन केन्स्ली यांच्यासह १९९७ साली जगातील कोळंब्यांचा बृहद्ग्रंथ सिद्ध केला आणि त्यात या एकत्र कुटुंबाची सहा प्रजातींत वाटणी केली. वाटणीच्या आधारांत मादीच्या छातीच्या तळाशी असलेल्या, नराचे शुक्र स्वीकारणाऱ्या अवयवाची रचना प्रमुख होती: वाघासारखे पट्टे मिरवणाऱ्या मोनोडॉनमध्ये तो बंद पिशवीसारखा, तर पॅसिफिकच्या अमेरिकी किनाऱ्यावरील व्हेनामीमध्ये उघडा. व्हेनामी यामुळे ‘लिटोपीनियस’ झाली, आपली पांढरी इंडिकस ‘फेनेरोपीनियस’ झाली. आणि भारतात व्हेनामीच्या संवर्धनाला २००९ साली परवानगी मिळाली, तेव्हा हेच नवे आडनाव प्रचारात होते. एकाच जिवाला निर्यातीच्या दाखल्यात एक नाव आणि रोगनिदानाच्या जुन्या ग्रंथांत दुसरे, अशी अवस्था संवर्धकाला आणि अंमलदाराला सारखीच जाचक असते.

२०११ साली मा, चॅन आणि चू या संशोधकांनी पेशींतील आनुवंशिक द्रव्याची तुलना करून दाखवले की, या सहांपैकी काही गट एका पूर्वजाचे सर्व वंशज एकत्र धरीतच नाहीत; तेव्हा वाटणी रद्द करून जुने एकत्र घर पूर्ववत करावे. मला हा निर्णय न्याय्य वाटतो, कारण वर्गीकरणात वंशाचा पुरावा एखाद्या अवयवाच्या साम्याहून वरचढ मानला पाहिजे. फार्फांते यांच्या ग्रंथातील जातींची सूक्ष्म वर्णने त्यामुळे यत्किंचितही निरुपयोगी ठरत नाहीत.

एखाद्या जातीचे आडनाव पुढे बदलले, तर तिच्या मूळ वर्णनकर्त्याचे नाव कंसात घालावे, असा नामकरणाचा दंडक आहे. व्हेनामीचे पहिले वर्णन ली बून या विदुषीने १९३१ साली ‘पीनियस’ म्हणूनच केले होते. म्हणून आता ‘पीनियस व्हेनामी’ असे लिहिताना तिच्या नावाभोवती कंस घालीत नाहीत.