विश्लेषण : जबडा सतत दुखतोय? समाजमाध्यमांपासून सुट्टी घेतल्याने आराम पडतो का?

जांभई देताना कानाजवळ ‘कट्’ असा आवाज येतो, सकाळी उठल्यावर कानशिले जड वाटतात, भाकरीचा तुकडा चावताना कळ येते. अशा तक्रारी घेऊन आधी दातांच्या, मग कानाच्या आणि शेवटी डोकेदुखीच्या डॉक्टरांकडे जाणारे अनेक जण असतात. एक्स-रेमध्ये दात ठीक दिसतात, दुखणे मात्र जात नाही. अशा रुग्णांना ‘काही दिवस मोबाइल बाजूला ठेवून बघा’ असाही सल्ला मिळतो. त्यात तथ्य किती, तो पाळायचा कसा आणि त्याच्याकडून कोणती अपेक्षा ठेवू नये, याविषयी...

दुखते नेमके काय?

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा आणि मिटा. बोटाखाली जे हलते, तो टेम्पोरोमँडिब्युलर सांधा, म्हणजेच ‘टीएमजे’. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी याच सांध्याने कवटीला जोडलेला असतो. तोंड थोडे उघडले, की तो बिजागरीसारखा फिरतो आणि अधिक उघडले, की पुढे सरकतो. दोन हाडांच्या मध्ये एक लवचीक चकती असते. ती जागची हलली, की आवाज येऊ शकतो. नुसता आवाज येत असेल आणि दुखत नसेल, तर सहसा उपचारांची गरज नसते.

हा सांधा आणि चावण्याचे स्नायू यांच्या तक्रारींना एकत्रितपणे ‘टीएमडी’ म्हणतात. दुखणे तीन महिन्यांहून अधिक काळ राहिले, तर ते जुनाट मानले जाते.

यात मोबाइलचा काय संबंध?

जबडा विश्रांतीत असतो तेव्हा ओठ मिटलेले असतात, पण वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकत नाहीत. त्यांच्यात काही मिलिमीटरची फट असते. चावताना आणि गिळताना दात टेकतात. दिवसभरातला हा सगळा वेळ जोडला, तरी तो साधारण वीस मिनिटांच्या आसपासच भरतो.

‘झोपेत दात खाणे’ आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. जागेपणीही हे घडते, याची मात्र अनेकांना कल्पना नसते. 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मान्य केलेल्या व्याख्येत दात टेकवून ठेवणे आणि दात न टेकवता जबडा ताठ धरणे, या दोन्हींचा समावेश आहे. दात कराकरा वाजायलाच हवेत असे नाही. हलका स्पर्शही तासन् तास राहिला, तर स्नायूंना विश्रांती मिळत नाही.

माणूस एकाग्र झाला किंवा तणावात असला, की जबडा नकळत आवळला जातो. सुईत दोरा ओवताना, वाहतूक कोंडीत गाडी चालवताना, कोडिंग करताना हे होते. समाजमाध्यमांवर स्क्रोल करताना एकाग्रता आणि तणाव दोन्ही एकत्र येतात. एक वाईट बातमी, त्याखालची भांडणे, मग कुणाच्या तरी यशाची पोस्ट असा हा क्रम असतो. त्यात मान खाली झुकलेली असते आणि रात्रीचा एक वाजलेला असतो.

झोपेचा मुद्दा तर अधिक महत्त्वाचा. अमेरिकेतील ‘ओपेरा’ या दीर्घ अभ्यासात टीएमडी नसलेल्या हजारो प्रौढांची नोंद ठेवून पुढे कोणाला हा त्रास सुरू होतो, हे पाहण्यात आले. दरवर्षी साधारण चार टक्के लोकांना तो सुरू झाला. ज्यांची झोप चांगली नव्हती आणि ज्यांना शरीरात इतरत्रही दुखण्याच्या तक्रारी होत्या, त्यांच्यात धोका जास्त आढळला. म्हणजे जबड्याच्या दुखण्याचे मूळ फक्त दातांत शोधून चालत नाही.

सुट्टीने फरक पडतो का?

ब्रिटनमधील बाथ विद्यापीठाने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 154 जण सहभागी होते. एक आठवडा समाजमाध्यमे बंद ठेवणाऱ्यांमध्ये चिंता आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली. अमेरिकेत 2018 च्या निवडणुकीआधी चार आठवडे फेसबुक बंद ठेवणाऱ्यांचा दिवसाला सुमारे एक तास वाचला. समाधान वाढले, पण थोडेच. अशा सुट्टीने विशेष फरक पडत नाही, असे सांगणारे अभ्यासही आहेत.

या प्रयोगांत जबड्याचे दुखणे मोजलेले नव्हते. त्यामुळे ‘इन्स्टाग्राम काढले, जबडा बरा झाला’ असा निष्कर्ष काढता येत नाही. सुट्टी हे औषध नाही. दात आवळण्याची एक मोठी संधी आणि झोप खाणारी एक सवय काही दिवस बाजूला काढून काय बदलते, हे पाहण्याची ती पद्धत आहे.

मग सुट्टी कशी घ्यावी?

आधी आठवडाभर काहीही न बदलता नोंद ठेवा. सकाळी आणि रात्री दुखणे 0 ते 10 मध्ये किती, झोप किती तास, एवढे वहीत लिहिले तरी पुरे. त्यानंतर दोन आठवडे समाजमाध्यमे बंद ठेवा आणि तीच नोंद चालू ठेवा. याच काळात नवी उशी, नवे औषध आणि नवा व्यायाम असे सगळे एकदम सुरू केले, तर आराम कशाने पडला हे कळणार नाही. डॉक्टरांनी सुरू केलेले उपचार मात्र थांबवू नका.

व्हॉट्सअ‍ॅप पूर्ण बंद करणे अनेकांना शक्य नसते. ऑफिस, सोसायटी, मुलांची शाळा सगळे तिथेच असते. अशा वेळी ग्रुप म्यूट करून दिवसातून दोन ठरावीक वेळी पाहता येईल. फोन रात्री उशाशी न ठेवता दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा.

सुटलेला वेळ लॅपटॉपवर किंवा वृत्तवाहिनीवरच्या वादात गेला, तर जबड्याच्या दृष्टीने काहीच बदलले नाही. म्हणून सुट्टीइतकीच गरज आहे ती आठवणीची. फ्रिजवर, लॅपटॉपच्या कडेला, गाडीत ‘दात सुटे ठेवा’ अशी चिठ्ठी लावा. ती दिसली, की ओठ मिटलेले, दात सुटे, खांदे सैल, एवढे तपासायचे. जपानमध्ये दात टेकवण्याची सवय मोडण्यासाठी अशा चिठ्ठ्यांचा वापर केला जातो. फोनमधला तासातासाचा गजरही हे काम करतो. त्याच फोनचा हा चांगला उपयोग.

रीलमधल्या उपायांचे काय?

सुट्टीचा आणखी एक फायदा म्हणजे चुकीचे सल्ले थांबतात. ‘धारदार जबड्या’साठी चावायचे सिलिकॉनचे गोळे, कडक च्युइंगगम असे प्रकार आधीच दुखणाऱ्या सांध्यावर भार वाढवतात.

‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट टीएमडीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. विचार आणि सवयी बदलण्यास मदत करणारी ‘सीबीटी’ ही समुपदेशन पद्धत, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालील जबड्याचे व मानेचे व्यायाम, स्नायूंवरील हाताने केलेले उपचार आणि घरगुती काळजी यांची त्यात ठाम शिफारस आहे. बोटॉक्स किंवा स्टिरॉइडचे इंजेक्शन, तसेच काढता-घालता येणारी स्प्लिंट दुखण्यासाठी सरसकट वापरू नये, असे त्यात सुचवले आहे. दातांची झीज रोखण्यासाठी दंतवैद्य नाइट गार्ड देतात, तो वेगळा मुद्दा. परत फिरवता न येणाऱ्या उपचारांना होकार देण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

जबड्याच्या दुखण्यासोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. तातडीने रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतर नवीन डोकेदुखी आणि चावताना जबडा दुखणे, चेहऱ्याला बधिरपणा, सूज, ताप, गिळताना त्रास यांपैकी काहीही असल्यास वाट पाहू नका. सुपारी, गुटखा, मावा खाणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावत नसतील, तर ते तोंडाच्या आतील त्वचा कडक होण्याचे, म्हणजे कर्करोगपूर्व अवस्थेचे लक्षण असू शकते. तिथे मोबाइलची सुट्टी उपयोगाची नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत तपासणी करता येते.

दोन आठवड्यांनी आकडे खाली आले असतील, तर समाजमाध्यमांवर परतताना वेळेची मर्यादा कायम ठेवा. जुनाट दुखणे एकटे पाडते; ज्यांना ऑनलाइन ओळखींतूनच धीर मिळतो, त्यांनी ती माणसे तोडू नयेत, फोनवर बोलावे. आणि आकडे हललेच नसतील, तर सुट्टी वाया गेली असे नाही. नोंदींची ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. ‘खूप दिवसांपासून दुखतंय’ या वाक्यापेक्षा त्यातून त्यांना बरेच अधिक कळेल.